पाण्याच्या जीपची काच

“पोलीस न्हाई म्हंता, मग इचारायचा हक्क कुणी दिला तुमास्नी?”

कस्तुराबाईनं ओळखपत्र उलटंपालटं करून बघितलं आणि समोरच्या तरुण बाईच्या हातात परत ठेवलं. सायली मॅडम पुण्याच्या सुरक्षा धोरण कार्यालयातून आल्या होत्या. ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि गुळाचा चहा चवीनं पीत होत्या. त्या चहानंच कस्तुराबाईचा निम्मा राग उतरवला होता.

“सरकारनं दिलाय, पण बेतानंच,” मॅडम म्हणाल्या. “गोपनीय कामावर कोणाला बसवायचं, त्याचे नियम आमचं ऑफिस ठरवतं. आम्ही आजूबाजूला चौकशी करतो आणि शिफारस करतो. बास. आम्हाला कोणाला पकडता येत नाही, कोणाच्या घराची झडती घेता येत नाही. तुम्ही ‘बोलत नाही’ म्हणालात, तर मी चहा संपवून उठेन.”

“आन् खोटं बोलले तर?”

“खोट्याखाली सही केलीत, तर मग ते कायद्याकडे जातं. तिथं माझं काही चालत नाही.”

कस्तुराबाईनं पदर सारखा केला. “इचारा.”

चौकशी शेजारच्या लालबीच्या अलीमची होती. अलीम आणि कस्तुराबाईचा स्वराज एकाच भिंतीच्या अल्याड-पल्याड वाढलेले. पाबळला दोघं एकत्र शिकले, सणसवाडीला एकाच खोलीत राहून कंपनीत राबले, आणि आता पुण्यातल्या एका सरकारी संगणक केंद्रासाठी दोघांचीही निवड झाली होती. पाटसच्या अलीकडच्या त्या वाडीत एवढी मोठी नोकरी आजवर कुणाला लागली नव्हती. पेढे मात्र दोन्ही घरांनी वेगवेगळे वाटले. सांडपाण्याच्या चरीवरून दोघी आयांची जुंपली होती, आणि गेल्या उन्हाळ्यापासून बोलणं बंद होतं.

“पोरगं कसं आहे?”

“सोनं हाय. बाप गेला, मीरासाहेब, तवापास्नं आईला हातावर झेलतंय.”

मॅडमनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवला.

“मावशी, दोन वर्षांपूर्वीचा तो हंडा मोर्चा आठवतो? पाणीपुरवठ्याच्या जीपची काच फुटली होती.”

कस्तुराबाई कपबशा गोळा करायला लागली.

“पोलिसांनी स्वराज आणि अलीम दोघांना नेलं. दोघांनीही ‘दगड मीच मारला’ म्हणून सांगितलं. दगड तर एकच होता. समज देऊन सोडलं, गुन्हा दाखल झाला नाही, पण नोंद राहिली. सरकारी गाडीवर दगड टाकणाऱ्याला आम्ही अशा जागी बसवू शकत नाही. आणि कोणी टाकला ते कळल्याशिवाय दोघांपैकी कोणाचीच शिफारस करता येत नाही. तुम्ही तिथं होतात?”

“समद्याच बाया व्हत्या.”

“एवढा मोठा दगड कोणी मारला, ते दिसलं असेल.”

“मोठा कसला? पेरूएवढा तर व्हता.”

कस्तुराबाईनं अंगणापलीकडं पाहिलं. उसाला पाणी चाललं होतं. संपत, तिचा नवरा, बांधावर वाकलेला होता. जमीन होती, धनी होता; स्वराजची नोकरी गेली तरी चूल विझणार नव्हती. भिंतीपलीकडं मात्र एकच कमावता हात होता. भांडण चरीचं होतं, पोराच्या पोटाचं नव्हतं.

“स्वराजनं मारला,” ती म्हणाली. “माझ्या पोरानं. अलीमनं दोस्तासाठी आळ घेतला.”

मॅडम पुढं वाकल्या. “याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला? तुमच्या मुलाची नोकरी...”

“कळतोय.”

“ठीक आहे. शेजारी जाऊन येते, मग नीट लिहून काढते. सही तेव्हाच करा.”

मॅडम गेल्या. कस्तुराबाई कपबशा घेऊन परसात आली. आतून फार हलकं वाटत होतं. पोरगं रागावणार होतं, महिनाभर बोलणार नव्हतं, तरी शेवटी समजून घेणार होतं.

मधली भिंत छातीएवढीच होती. पलीकडच्या बोलण्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“स्वराज?” लालबी म्हणत होती. “त्याच्यासारखं पोरगं न्हाई पंचक्रोशीत. आमचे हे गेले तवा रातभर दारात बसून व्हता. दगड माझ्या अलीमनं मारला, मॅडम. लिवून घ्या. त्या लेकराच्या पानात माती कालवू नका.”

“पण शेजारच्या तर म्हणतात की त्यांच्याच मुलानं...”

“ती? तिचं काय ऐकता! खोटारडी हाय ती!”

कस्तुराबाईच्या हातातली बशी दगडी कुंडीत निसटली. तिला रडू फुटलं आणि हसूही. पदरानं डोळे पुसत ती भिंतीपाशी गेली.

“लालबी!”

वर्षभरानं आलेली हाक ऐकून लालबी भिंतीपाशी आली. तिचेही डोळे ओले होते. तिच्या मागोमाग वही छातीशी धरून मॅडम आल्या.

“दोघीही खरं बोलताय, असं तर होणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “अजून सही कोणाचीच झालेली नाही. काय ते आत्ता सांगा.”

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. लालबीनं हळूच मान डोलावली.

“ती दोन्ही पानं फाडा, मॅडम,” कस्तुराबाई म्हणाली. “पोरं आमाला वाचवाया पुढं झाली. दगड म्या मारला. आन् हुडकून माझ्या हातात दिला, तो हिनं.”