फायलीचा पुठ्ठा

धुळ्याच्या पतपेढीत पत्र्याखाली टायपिंग करणाऱ्या कुंदाबाईंनी एका वैशाखात मॅनेजरसाहेबांकडे पंखा मागितला. एसी केबिनमधून फायलीचा पुठ्ठा भिरकावत साहेब म्हणाले, "घ्या वारा. खान्देशात जन्मलात, उन्हाची सवय नको का?" बाईंनी तो पुठ्ठा जपून ठेवला. पुढे पतपेढीत कॉम्प्युटर आला, तो बाईच सांभाळू लागल्या. यंदा जुना काढून नवे आणायचं ठरलं. चेअरमन नाना म्हणाले, "बाई, काय लागस ते बठ्ठं सांगी टाका." "एसी लागेल, नाना. त्याशिवाय उन्हात कॉम्प्युटर तग धरायचे नाहीत. साहेबांची केबिन द्या." साहेबांचं टेबल पत्र्याखाली आलं. घाम पुसत त्यांनी पंखा मागितला. कुंदाबाईंनी तोच पुठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि केबिनचं दार लावून घेतलं. नव्या कॉम्प्युटरना साधा पंखाही पुरतो, हे इंजिनिअरनं एकट्या त्यांनाच सांगितलं होतं.