वरची भर

लेकीनं पिंपाचं बूच उपसलं, काचेची नळी आत सोडली आणि तीन ग्लासांत वाइन काढली. बाबा गेल्यानंतरचा हा पहिला हंगाम. या एका पिंपाला तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. बाबांच्या बरोब्बर उलट केलं होतं सगळं: द्राक्षं लवकर तोडली, देठं काढून टाकली, पिंपही कोरं घेतलं. यात तिची स्वतःची चव उतरली तर तळघर तिच्या मनाप्रमाणे चालणार, असं दादानं कबूल केलं होतं. नाही उतरली तर जन्मभर बाबांचीच वाइन.

दादानं घोट तोंडात घोळवला आणि पिंपावर थाप मारली. "अगं, हे तर डिट्टो बाबा! वेडाबाई, वेगळं करायचा नुसता आव आणलास होय?"

आईनं घोट घेतला आणि कपाळावरचे केस सारखे केले, बाहेरून नवरा घरी आल्यावर करायची तसे.

लेकीनं चाखलं. जुनं लाकूड, सुकं अंजीर आणि शेवटी बाबांची ती तुरट टोचणी. कोऱ्या पिंपात जुनं लाकूड! "यात बाबा कुठून आले?"

"भर कशाची घालत होतीस?" आईनं विचारलं.

लाकडातून वाइन जराजरा उडून जाते. रिकाम्या जागेत हवा शिरली की ती आंबते, म्हणून वरचेवर भर घालावी लागते. लेकीनं कोपऱ्याकडे पाहिलं. बाबांच्या शेवटच्या वाइनचा काचेचा बुधला तिथं रिकामा उभा होता. लहानपणापासून भर म्हणजे तो बुधला. हात आपसूक तिकडेच गेला होता.

"पेलाभरच तर घालायचे, आई."

"त्या माणसाला पाऊल ठेवायला जागा दिली की पलंगभर पसरायचा. मला विचार."

"मग झकासच झालं," दादा म्हणाला. "गिऱ्हाईक हेच मागतं. आता दरवर्षी हेच."

लेक मटकन बाकावर बसली.

आईनं ग्लास खाली ठेवला. बुचाच्या भोकाशी वाकून म्हणाली, "अहो, पुरे झालं. पोरीचं पिंप आहे ते. निघा आता."

ज्याला पटेल त्यानं मानावं, पण पिंपात बुडबुड झालं आणि काठोकाठ भरलेली वाइन चांगली वीतभर खाली गेली. ना गळती, ना कुठं भेग.

लेकीनं पुन्हा नळी सोडली. घोट घेताच दादाचं तोंड वाकडं झालं. "शी! कच्चं, आंबट. कोण पिणार हे?"

"थांब की जरा. पोर आहे ते अजून." लेकीनं त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि स्वतःच संपवला.

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. पिंपापासून ओली लाल पावलं निघाली होती, ती फरशीवरून, पायऱ्यांवरून वर उन्हाकडे चालली होती.

"चपला घाला म्हणून जन्मभर सांगितलं," ती पुटपुटली.