येणारा आवाज

काकूंचा फोन दुरुस्त झाला. पण तसं काही घडलंच नाही, असं धरून चालायचं काकूंनी ठरवलंय.

वर्षभर इंटरनेट कॉलवर त्यांचा आवाज लेकाला जायचा, त्याचा मात्र इकडे यायचा नाही. तो नुसता 'हं' टाइप करायचा आणि तेवढ्या आधारावर काकू रोज तासभर बोलायच्या.

आज राउटर तपासायला आलेला तंत्रज्ञ म्हणाला, "काकू, हा राउटर येणारा आवाजच अडवत होता. आता लावा फोन."

लेकाचा आवाज खणखणीत आला. तो बायकोला सांगत होता, "अगं, आई सुरू झाली. फोन तुझ्याकडे घे आणि मधूनमधून 'हं' टाकत जा."

"येतंय ना ऐकू?" तंत्रज्ञाने मान खाली घालून विचारलं.

काकूंनी त्याच्या फॉर्मवर शेरा लिहिला.

"आवाज दोन्हीकडून व्यवस्थित येत आहे. तरी सदर बिघाड पूर्ववत करून मिळावा, ही नम्र विनंती."