तीनदा विसळून

"पाणी खराब निघालं तर विहीर बुजवाल. मग आम्ही काय तुमचा कागद चाटायचा?" विहिरीची मालकीण कडाडली.

कोरड्या पट्ट्यातली ही शेवटची ओली विहीर. पाणी तपासनिसाने पोहरा आत सोडला. बाटली विहिरीच्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि मगच नमुना भरायचा, हा त्याचा नियम.

"विसळलेलं सांडू नका. तिचं तिला द्या," मालकीण विहिरीकडे बोट दाखवत म्हणाली.

कटकट नको म्हणून त्याने ते तिन्ही वेळा परत विहिरीत ओतलं. एकदाही पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

नमुना भरून त्याने बूच लावलं, तेवढ्यात खालून बाटली विसळल्याचा आवाज आला.

"खाली कोण उतरलंय?"

"कोणी नाही," म्हणत मालकीण मागे सरकली.

खाली पुन्हा विसळलं. मग तिसऱ्यांदा. आता नमुना भरायचा.

तपासनिसाच्या जिभेवरची ओल गेली. मग डोळ्यांतली. खाली बाटली भरू लागल्याचा आवाज आला.