पाठमोरा फादर

"दोमिनुस वोबिस्कुम," प्रभू तुमच्याबरोबर असो, असं लॅटिनमध्ये म्हणत फादर इनास लोकांकडे वळले. नियमाप्रमाणे नजर जमिनीवर. त्यांनी मोजलं. चपलांचे अकरा जोड, सगळे जागच्या जागी.

मागच्या रविवारीच त्यांनी बजावलं होतं, "एक जोड जरी कमी दिसला, तर पेठचं हे चॅपल बंद. कुलूप लावून मी मोकळा."

बिशपांशी भांडून चाळीस वर्षं त्यांनी लॅटिन मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालवली होती. तोंड वेदीकडे, पाठ लोकांकडे. एके काळी तळेघरहून माणसं चालत यायची. चपला बाहेर काढायची चालही त्यांनी मोडली. रोममध्ये कुणी काढत नाही म्हणे. एकदा बिबट्या येऊन मागच्या बाकाशी बसला, तर खाली बघूनच फादर खेकसले, "पायात काहीतरी घालून ये!" तेव्हापासून बिबट्या इकडे फिरकलेला नाही. विचारा कुणालाही.

पोटात दुखायचं ते रस्त्यापलीकडचं. तिथे नव्या फादर ऋषीची मराठी मिस्सा, आणि दारात चपलांचा हा ढीग! वस्त्रं चढवताना फादर इनास दर रविवारी खिडकीतून तो ढीग बघायचे आणि कमरेची दोरी जरा जास्तच आवळायचे.

"एत कुम स्पीरितु तुओ," बाकांवरून ठरलेलं उत्तर आलं. एकदा जाड आवाजात, एकदा बारीक, एकदा खोकत.

फादर वेदीकडे वळले. एक शब्दही न गाळता त्यांनी मिस्सा संपवली. मग पाठमोरेच म्हणाले, "बायडाबाई, जानकूचा आवाज आज बायकी का?"

"सर्दी झालीया त्याला, फादर."

"आणि सावळेरामाचा?"

"त्याला जानकूची लागली."

"दोघांचे पाय कुठे आहेत? मला नुसत्या चपला दिसल्या."

बायडाबाई उठून उभी राहिली. बाकांपुढे दहा जोड रिकामे पडले होते.

"तुमी कुलूप लावाल म्हून ठिवून गेल्यात. अनवाणी गेल्यात, फादर. डांबर लई तापलंय."

"एवढं आहे तरी काय तिकडे?"

"पेटी हाय. ढोलकी हाय. आन् त्यो फादर तोंडाकडं बघून बोलतो."

फादर क्रुसापुढे वाकले. मग वेदीच्या पायरीवर बसून त्यांनी आपले काळे बूट काढले, नीट जुळवून ठेवले, टोकं वेदीकडे करून. झगा घोट्यावर उचलला आणि बायडाबाईकडे न बघता बाहेर पडले.

फादरांना कळू नये म्हणून तिकडचं शेवटचं गाणं अर्ध्यावर सोडून इकडची मंडळी मागच्या दाराने परतली. भाजलेले तळवे चोळत एकेकाने पाय चपलांत सारले. जानकूने मान वर केली. वेदीसमोर बूट होते, फादर नव्हते.

"आपलं फादर कुठं गेलं?"

रस्त्यापलीकडे ढोलकी रंगात आली होती. तिच्या मागे मागे, एक मात्रा चुकवत, एक म्हातारा चिरका आवाज लॅटिनमध्ये गात होता.

"गप खाली बस," बायडाबाईने बुटांकडे बोट दाखवलं. "फादर हितंच हायेत."