सेशनच्या चौदा प्रती

बोरिवलीतल्या आमच्या गिऱ्हाइकांच्या सोसायटीत एकशे बारा घरं आहेत आणि त्यातली श्रावणातही मासे घेणारी चौदा. ती चुकली तर मासे विकणाऱ्या माझ्या आईची पाटी भरलेलीच मनोरीला, आमच्या घरी, परत येते. म्हणून मी, बीएस्सी झालेला दिपेश, त्या चौदा घरांना रोज सकाळी मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहिला.

आधी एकच सेशन, म्हणजे एका गिऱ्हाइकाचं नाव, नंबर आणि मेसेज असा संच, तयार करून चाचणी घेतली. चाचणीला नंबर घातला त्याच सोसायटीतल्या नलिनीकाकूंचा, कारण त्या कडक श्रावण पाळतात, म्हणजे चुकून ऑर्डर येणार नाही. मग तयार कोडच्या लायब्ररीतलं एक फंक्शन वापरून त्या सेशनच्या चौदा प्रती काढल्या आणि प्रत्येकीत गिऱ्हाइकाचं नाव बदललं.

अकरा वाजता सोसायटीच्या गेटवरून आईचा फोन आला. "एक पण माणूस खाली उतरला नाय रे! बर्फ वितळला सगळा. तुझ्या प्रोग्रामपेक्षा माझी हाक बरी, चौथ्या मजल्यापर्यंत तरी जाते."

मी कोड उघडला. प्रत काढली की सेशनची प्रत्येक सेटिंग जशीच्या तशी उतरते, नंबरसुद्धा. नाव मी चौदा वेळा बदललं होतं, नंबर एकदाही नाही. "ताजे बोंबील आलेत" हे नलिनीकाकूंनाच चौदा वेळा गेलं होतं.

त्यांची उत्तरंही चौदा आली होती. पहिली तेरा सारखीच: "अरे, श्रावण आहे माझा!"



चौदावं: "वीस दे, साफ करून. पिशवी काळी आण."