ठणठणीत

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांची नेमणूक महिनाअखेरीस संपत होती आणि मुदतवाढीच्या कागदावर सही मालकांची लागणार होती. म्हणून मालकांच्या दंडाला पट्टा बांधताना डॉक्टरांच्या तोंडून नुसता मध गळत होता. यंत्राचा काटा एकशेनव्वदवर थरथरत होता.

"एकशेवीस! साहेब, पंचविशीतल्या पोरांनी पाया पडावं तुमच्या."

"अहो, पण जिना चढलो की धाप लागते, त्याचं काय?"

"धाप कसली साहेब! एवढा जोर छातीत मावत नाही, तो बाहेर पडतो."

मालक भलतेच खूश झाले. त्यांनी मुदतवाढीचा कागद मागवला, शांतपणे वाचला आणि टराटरा फाडला.


"साठीत मी असा ठणठणीत, तर या तरण्याताठ्या कामगारांना डॉक्टर हवाय कशाला?"